इंग्रजीनंतरच्या परभाषेची पहिली पायरी मराठीची असावी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुण्यात परकीय भाषांच्या वर्गांची चौकशी सुरू होते. फर्ग्युसन रस्त्यावरचे रानडे इन्स्टिट्यूट, बोट क्लब रस्त्यावरचे मॅक्स म्युलर भवन, आलियाँस फ्रान्सेझ, टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचे जपानी वर्ग आणि गल्लोगल्लीच्या खासगी शिकवण्या, सगळीकडे पालकांचा पहिला प्रश्न एकच असतो : कोणती भाषा घ्यावी? जर्मन की जपानी, फ्रेंच की स्पॅनिश? या प्रश्नाची उत्तरे देणारे पुष्कळ आहेत. मला त्याच्या पुढच्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे : ती भाषा शिकायची कशी, आणि त्यातही कोणत्या भाषेचा आधार घेऊन शिकायची.

मी पिंपरीतील एका यंत्रसामग्रीच्या कारखान्यात निर्यात विभागात ३१ वर्षे नोकरी केली. कामासाठी जर्मन शिकले, निवृत्तीनंतर जपानी शिकले, आणि गेली काही वर्षे जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांना व आयटीआय झालेल्या मुलांना घरी विनामूल्य शिकवते. या सगळ्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. इंग्रजीनंतरची भाषा आपण इंग्रजीतून शिकतो, इंग्रजीच्या व्याकरणावर ती बसवू पाहतो, आणि ज्या भाषेत ते व्याकरण आधीच बसलेले आहे त्या मराठीला वर्गाच्या दाराबाहेर ठेवतो. ही चूक आपल्याला महाग पडते, कारण तिच्यामुळे सहा महिन्यांत कळायच्या गोष्टीला दोन वर्षे लागतात आणि मराठी माध्यमातली हुशार मुले मध्येच सोडून देतात.

मी स्वतः ज्या वर्गात जर्मन शिकू लागले (त्याचे नाव घेण्याचे कारण नाही), तिथे आम्ही २८ जण होतो आणि दोघे सोडले तर सगळ्यांच्या घरी मराठी बोलली जात होती. शिक्षक मन लावून शिकवत, पण वर्गात मराठी शब्द उच्चारायची बंदी होती आणि जर्मनचे स्पष्टीकरण मात्र इंग्रजीतून होई. परभाषा त्याच भाषेतून शिकवावी हे मला समजते, त्यात तथ्यही आहे. पण शंका सोडवायला जर दुसरी भाषा घ्यायचीच असेल, तर ती शिकणाऱ्याला सर्वांत कमी अवघड वाटणारी घ्यावी, एवढा साधा विचार तिथे झाला नव्हता, आणि आजही फारसा होताना दिसत नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगते. मंचरजवळच्या एका गावातील परिचारिका माझ्याकडे येत असे. तिचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. रात्रपाळी संपवून, एसटीने येऊन, सकाळी नऊला ती माझ्या दारात उभी असे. ए-टू पातळीच्या (ए-वन ते सी-टू या सहा युरोपीय भाषा-पातळ्यांपैकी खालून दुसऱ्या) परीक्षेत ती दोनदा लेखनात अडकली होती. तिच्या वहीत ‘डायरेक्ट ऑब्जेक्ट’ आणि ‘इनडायरेक्ट ऑब्जेक्ट’ या शब्दांखाली तीन-तीन रेघा मारलेल्या होत्या. रेघा बघूनच कळत होते की शब्द पाठ झाले आहेत, पण अर्थ लागलेला नाही. मी तिला विचारले, “शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ केला होतास ना? द्वितीयेचे प्रत्यय सांग बरं.” ती म्हणाली, “स, ला, ते.” “आणि चतुर्थीचे?” ती थांबली. “तेच की, काकू. स, ला, ते.”

तेच आहेत, म्हणूनच आपल्याला मराठीत या दोन विभक्ती वेगळ्या दिसत नाहीत. ‘मी मुलाला पाहते’ आणि ‘मी मुलाला पाणी देते’ या दोन्ही वाक्यांत ‘मुलाला’ एकच. जर्मनमध्ये मात्र पहिल्या ठिकाणी ‘डेन’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘डेम’ लागतो, आणि नेमके तिथेच ती चुकत होती. माझ्या गॅलरीत कढीपत्त्याचे झाड आहे. मी तिला म्हटले, मुलाच्या जागी हे झाड ठेव आणि दोन्ही वाक्ये पुन्हा म्हण. ती म्हणाली, “मी झाड पाहते. मी झाडाला पाणी देते.” आणि स्वतःच थबकली. पहिल्या वाक्यातला ‘ला’ गळून पडला होता आणि दुसऱ्यातला तसाच राहिला होता. निर्जीव किंवा वनस्पतीचे नाम घातल्यावर जिथे ‘ला’ गळतो तिथे द्वितीया, जिथे टिकतो तिथे चतुर्थी. ‘इश झेहे डेन बाउम’, ‘इश गेबे डेम बाउम वासर’ : झाड पाहते, झाडाला पाणी देते. मदत करणे या क्रियापदाला जर्मनमध्ये चतुर्थी का लागते, हे इंग्रजीतून विचारले तर ‘अपवाद म्हणून पाठ करा’ असे उत्तर मिळते. मराठीतून विचारले तर ‘संस्थेला मदत करते’ यातला ‘ला’ हलत नाही, म्हणून चतुर्थी. ही कसोटी सगळीकडे चालते असे नाही. ‘विचारणे’ या क्रियापदाला जर्मन द्वितीया घेते, आपण मात्र ‘बँकेला विचारते’ म्हणतो आणि ‘ला’ काही गळत नाही. असे मोजके शब्द वेगळे पाठ करावे लागतात. पण त्या सकाळी तिने रुग्ण, डॉक्टर, औषध, खाट, सलाईन असे तिच्या कामातले शब्द घेऊन दोन पाने वाक्ये लिहिली आणि त्यांत दोनच चुका निघाल्या. पुढच्या परीक्षेत ती लेखनात उत्तीर्ण झाली. ते श्रेय तिच्या कष्टांचे आहे, मी फक्त तिला तिच्याच भाषेकडे बघायला लावले.

अशी उदाहरणे एक-दोन नाहीत. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत, याचा इंग्रजीतून शिकणाऱ्याला धाक वाटतो. आपल्याला वाटण्याचे कारण नाही, कारण आपण जन्मापासून तो, ती, ते करत आलो आहोत. अर्थात मराठीतले लिंग उचलून तसेच जर्मनला लावता येत नाही. आपला सूर्य ‘तो’ आहे आणि जर्मनांचा सूर्य स्त्रीलिंगी. पण कोणतेही मराठी मूल ‘खुर्ची’ हा शब्द आधी आणि तिचे लिंग नंतर शिकत नाही, ते ‘ती खुर्ची’ असेच शिकते. हीच सवय जर्मन शब्दांना पहिल्या दिवसापासून लावली की पुढचा त्रास निम्मा होतो. मुलगी या अर्थाचा ‘मेड्शन’ हा जर्मन शब्द नपुंसकलिंगी कसा, हा तर प्रत्येक वर्गात ठरलेला प्रश्न. जर्मनमध्ये लहानपणा दाखवणारा ‘शन’ हा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपणही ते लेकरू, ते कोकरू, ते वासरू, ते पिल्लू असेच म्हणतो. लेकरू मुलाचे की मुलीचे, याने त्याचे लिंग बदलत नाही.

‘मला थंडी वाजते’, ‘मला हे पुस्तक आवडते’ ही आपली वाक्ये घ्या. इंग्रजीत दोन्हीकडे ‘आय’ येतो. जर्मन म्हणतो ‘मिअर इस्ट काल्ट’, ‘मिअर गेफेल्ट डास बूख’, म्हणजे ‘मला’च. इंग्रजीच्या वाटेने गेलेला विद्यार्थी ‘इश बिन काल्ट’ म्हणतो आणि त्याचा अर्थ ‘मी भावनाशून्य माणूस आहे’ असा होतो. गौणवाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जाते, हा नियम इंग्रजीतून शिकायला दोन आठवडे लागतात. ‘कारण मला आज वेळ नाही’, ‘की तो उद्या येणार आहे’ ही वाक्ये समोर ठेवली तर तो नियम सांगावाही लागत नाही. आकड्यांचेही तसेच. जर्मन एकवीसला ‘एक-आणि-वीस’ म्हणतात, पंचवीसला ‘पाच-आणि-वीस’. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता, ते वाचकांना आठवत असेल. त्या वादात मला पडायचे नाही. पण एकवीस, बत्तीस, त्रेचाळीस म्हणत वाढलेल्या माणसाला जर्मनीत फोन नंबर उतरवून घेताना इंग्रजीचा आधार घ्यावा लागू नये. फ्रेंचमध्ये ऐंशीला ‘चार-वीस’ म्हणतात. माझी आजी वर्षाची पेंढी आणि गोवऱ्या चार विसा, पाच विसा अशाच मोजत असे.

उच्चारांतही आपल्याला मोठी देणगी आहे आणि ती आपण वापरत नाही. जर्मन ‘झेड’ आणि जपानी ‘त्सु’ यांचा उच्चार म्हणजे आपल्या ‘चाक’, ‘चूल’, ‘चमचा’ यांतला च. ‘चहा’तला नव्हे, ‘चमचा’तला. इंग्रजी पुस्तकातून शिकलेली मुले वेळ या अर्थाचा जर्मन शब्द ‘झाइट’ असा उच्चारतात, कारण इंग्रजी झेड त्यांच्या जिभेवर बसलेला असतो. ‘चाक म्हण, आणि त्याच जागेवरून सुरुवात कर’ असे सांगितले की त्याच मिनिटाला उच्चार सुधारतो.

इंग्रजीचा उपयोगच नाही, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. जर्मन शब्दसंग्रह वाढवताना इंग्रजी फार कामाला येते, कारण त्या दोन्ही सख्ख्या बहिणी आहेत आणि त्यांच्यातला ध्वनिबदल नियमाने झालेला आहे. इंग्रजी ट जिथे असेल तिथे जर्मनमध्ये पुष्कळदा त्स किंवा स येतो : टेनचे त्सेन, टूचे त्स्वाय, वॉटरचे वासर. इंग्रजी ड जर्मनमध्ये ट होतो : डेचे टाग, डोअरचे ट्यूर. हे चार-पाच बदल लक्षात आले की शेकडो शब्द ओळखीचे वाटू लागतात. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांची संख्याही मोठी आहे. पण ओळखीचा चेहरा नेहमी ओळखीचा माणूस नसतो. जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष, आणि रुग्णालयात किंवा कारखान्यात काम करणाऱ्याला हे पहिल्याच आठवड्यात माहीत असले पाहिजे. ‘बेकोमेन’ म्हणजे होणे नाही, मिळणे. फ्रेंच ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचे दुकान, ग्रंथालय नव्हे. जपानीत इंग्रजीतून गेलेला ‘मान्श्योन’ म्हणजे हवेली नाही, साधी सदनिकांची इमारत. मी विद्यार्थ्यांना अशा शब्दांसाठी वहीचे शेवटचे पान राखून ठेवायला सांगते. शब्दांसाठी इंग्रजी आणि रचनेसाठी मराठी, अशी ही कामाची वाटणी मला सर्वांत फलदायी वाटली.

जपानीच्या बाबतीत तर मराठीचा आधार न घेणे म्हणजे घरातली विहीर सोडून दूरवर पाणी भरायला जाणे आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषा-प्रशिक्षण संस्था आहे, तिने भाषांची वर्गवारी केली आहे. तीत जपानी सर्वांत अवघड गटात येते आणि तिच्यासाठी ८८ आठवडे, सुमारे २,२०० तासांचे वर्ग धरले आहेत. सोप्या गटातल्या भाषांना याच्या साधारण एकतृतीयांश वेळ लागतो. हे आकडे आपल्याकडे वारंवार सांगितले जातात आणि मुले घाबरतात. पण ती वर्गवारी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी केलेली आहे, हे कोणी सांगत नाही. इंग्रज माणसाला जपानी वाक्यरचना उलटी वाटते. आपल्याला ती सुलटी वाटते. कर्ता, कर्म, क्रियापद हाच क्रम. नामाच्या मागे लागणारे प्रत्यय. ‘काल वाचलेले पुस्तक’ म्हणताना ‘वाचलेले’ पुस्तकाच्या आधी येणे, हे सगळे तिथे आहे : ‘किनो योन्दा होन’. ‘ताबेते’ म्हणजे ‘खाऊन’, ‘मिरु’ म्हणजे ‘बघणे’, आणि ‘ताबेते मिरु’ म्हणजे नेमके आपले ‘खाऊन बघणे’. ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे ‘खाऊन टाकणे’. इंग्रजी पुस्तकात या एकेका रचनेला पानभर स्पष्टीकरण लागते. मी ५९व्या वर्षी जपानी शिकायला बसले तेव्हा हे पान वाचून मला काही कळेना, आणि मग एका दुपारी मनातल्या मनात ते मराठीत म्हणून पाहिले तेव्हा, ‘म्हणून पाहिले’ हीच ती रचना आहे हे ध्यानात आले. तो आनंद मी विसरू शकत नाही.

जपानी मुळाक्षरांचा क्रमही पाहावा. अ, इ, उ, ए, ओ हे स्वर, आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत वर्णमालेचा अभ्यास जपानात पोहोचला, त्याचा हा ठसा आहे. जिथे आज स आहे तिथे आपला चवर्ग आणि जिथे ह आहे तिथे पवर्ग ठेवून पाहिला की कंठापासून ओठापर्यंत जाणारा आपलाच क्रम समोर येतो. ४६ हिरागाना अक्षरे पाठ करायची म्हणून मुले धास्तावतात. बाराखडी घोकलेल्या मुलाला ती चौकट आधीच पाठ आहे, नव्या आकृत्या तेवढ्या भरायच्या आहेत.

कांजीचे, म्हणजे चित्रलिपीचे ओझे मात्र खरे आहे. जपानी शासनाच्या नित्य वापराच्या यादीत २,१३६ कांजी आहेत आणि त्यांना मराठीत काही पर्याय नाही, त्या लिहून-लिहूनच येतात. पण एका कांजीचे दोन-दोन उच्चार का, या प्रश्नाने गोंधळून जाण्याचे कारण आपल्याला नाही. आपण एकटे असताना ‘पाणी’ म्हणतो आणि समासात ‘जल’ म्हणतो : जलवाहिनी, जलशुद्धीकरण. जपानी माणूस पाण्याचे तेच चित्र एकटे असेल तर ‘मिझु’ वाचतो आणि समासात ‘सुइ’ वाचतो. नळपाणीपुरवठ्याला ते ‘सुइदो’ म्हणतात, म्हणजे जलमार्ग. आपल्याकडे संस्कृतमधून आलेले शब्द जसे शास्त्रीय आणि औपचारिक कामाला लागतात, तसे त्यांच्याकडे चिनीतून आलेले उच्चार लागतात.

आता रोजच्या सरावाबद्दल थोडेसे. इंग्रजी आपण आठ-दहा वर्षे शिकलो आणि तरीही तोंड उघडताना अनेकांचा घसा कोरडा पडतो, कारण चुकले की कोणीतरी हसेल ही भीती लहानपणीच मनात बसली. पुढची भाषा शिकताना ती भीती बरोबर नेऊ नये. परीक्षकाला, पेशंटला, जर्मन मुकादमाला तुमच्या चुकीचे काही वाटत नाही, त्याला तुमचे म्हणणे समजून घ्यायचे असते. पहिल्या महिन्यापासून मोठ्याने वाचावे, मोठ्याने बोलावे. जर्मनीची डॉइचे वेले ही प्रसारण संस्था सावकाश वाचलेल्या बातम्या देते, जपानच्या एनएचकेवर सोप्या जपानीतल्या बातम्या मिळतात. त्यातले एकच मिनिट घेऊन, वाक्याच्या मागोमाग वाक्य म्हणत, दहा वेळा म्हणावे. रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज सकाळी २५ मिनिटे बसणे अधिक उपयोगी, हे मी माझ्यावर आणि माझ्या विद्यार्थ्यांवर पडताळून पाहिले आहे.

शब्द पाठ करण्यासाठी मी लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंच्या चिठ्ठ्या कापते आणि चपलांच्या खोक्यात पाच कप्पे करते. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. शब्द आठवला की चिठ्ठी दुसऱ्या कप्प्यात, तो तीन दिवसांनी. मग आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्याने. कुठेही शब्द विसरला की चिठ्ठी परत पहिल्या कप्प्यात येते. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात मांडली आणि आज मोबाइलवरची अनेक अ‍ॅप याच तत्त्वावर चालतात. विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि उजळणीगणिक कमी होत जातो, हे हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच प्रयोगाने दाखवले होते. मी खोकेच वापरते, कारण चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहिलेला शब्द मला जास्त टिकलेला दिसतो. चिठ्ठीच्या पाठीमागे इंग्रजी अर्थाऐवजी मराठी अर्थ लिहावा, आणि शक्य असेल तिथे एक छोटे वाक्य लिहावे.

दोन परभाषा एकाच वेळी सुरू करू नयेत, असेही मला कळकळीने सांगावेसे वाटते. जपानी बोलताना माझ्या तोंडून आजही मध्येच जर्मन ‘उंड’, म्हणजे ‘आणि’, निघतो. नवी परभाषा बोलू लागले की मातृभाषेआधी दुसरी परभाषाच मध्ये येते, हा अनेक भाषा शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा अनुभव आहे. पहिली भाषा बी-वनपर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतःच्या बळावर करता येतील इतकी पक्की झाली की मग दुसरीकडे वळावे. पुण्यात मला तीन-तीन भाषांचे ए-वन प्रमाणपत्र असलेली मुले भेटतात. त्यांच्या श्रमांचा मला आदर आहे, पण जर्मनीत परिचारिका म्हणून नोंदणी होण्यासाठी साधारणपणे बी-टू लागते आणि तीन ए-वन मिळून एक बी-टू होत नाही. जपानी भाषेच्या एन-फाइव्ह ते एन-वन या परीक्षांत बोलण्याची चाचणीच नसते, त्यामुळे वरची पातळी मिळवूनही मुलाखतीत गप्प बसणारी मुले मी पाहिली आहेत. आम्ही तिघी जणी दर रविवारी सकाळी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात तासभर चालतो आणि त्या तासात जपानीशिवाय दुसरी भाषा बोलत नाही. पुण्यात अशी मंडळे दहा ठिकाणी सहज उभी राहू शकतील.

अकरावीत गुण चांगले पडतात म्हणून जर्मन किंवा फ्रेंच घेणाऱ्या आणि बारावीनंतर पुस्तक रद्दीत देणाऱ्या मुलांविषयी मी वेगळे काही लिहीत नाही. त्यांच्या पालकांनी एवढेच पाहावे की दोन वर्षांनी त्या मुलाला त्या भाषेत पाच मिनिटे स्वतःविषयी बोलता येते का.

मराठीतून परभाषा शिकण्याची गोष्ट पुणे परिसराला नवी नाही. पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, इंग्रजी शिकल्या, आणि त्यानंतर हिब्रू व ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी मूळ भाषांतून बायबलचा मराठी अनुवाद केला, तो सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत. इंग्रजी येत असूनही मधला पूल त्यांनी काढून टाकला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराशी जन्मभर निगडित असलेले रा. ना. दांडेकर यांनी हायडेलबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्या पिढीतल्या अभ्यासकांना संस्कृतच्या आठ विभक्ती पाठ होत्या, जर्मनच्या चार विभक्ती बघून ते दचकले नसतील.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. अशा वाटेने जाणारी मुले-मुली मोठ्या संख्येने जुन्नर, आंबेगाव, बारामती, इंदापूरकडच्या मराठी शाळांतून आलेली असतील. सुतार, इलेक्ट्रिशियन, परिचारिका, चालक यांना आधी इंग्रजी पक्के करा आणि मग तीतून जर्मन शिका, असे सांगणे म्हणजे त्यांना दोन घाट चढायला लावणे आहे. म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. परकीय भाषा शिकवणाऱ्या संस्थांनी आपल्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकाबरोबर मराठीतील व्याकरणाची एक छोटी पुस्तिका द्यावी आणि ती तयार करताना मराठी व्याकरण शिकवणाऱ्या शिक्षकांना बरोबर घ्यावे. शासनाने आपल्या प्रशिक्षण वर्गांत शंकानिरसन मराठीतून होईल असे पाहावे. आणि आपल्या दैनिकाने शक्य असल्यास आठवड्यातून एकदा, अर्ध्या स्तंभाएवढी जागा, मराठीतून जर्मन आणि मराठीतून जपानी अशा पाठांना द्यावी.

गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांना समजावताना मी जर्मन आणि मराठी विभक्ती, क्रियापदे व वाक्यरचना समोरासमोर मांडलेली १६० पानांची एक हस्तलिखित वही तयार केली आहे. तिच्यात चुका असतील, जाणकारांनी त्या जरूर दुरुस्त कराव्यात. पुढच्या महिन्यापासून ती वही आमच्या भागातील वाचनालयात ठेवण्याची व्यवस्था केली आहे. कोणालाही ती तिथे बसून उतरवून घेता येईल किंवा तिच्या झेरॉक्स काढून नेता येतील.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वाचक,
कोथरूड, पुणे